शेजारधर्माचा विनोद : सई परांजपे यांची दूरचित्रवाणीवरील कामगिरी

व्याख्यानमालेच्या चालकांनी विषय विचारला तेव्हा आम्ही कामगार चळवळीच्या इतिहासातले एखादे प्रकरण सांगू, असेच त्यांनी धरून चालले होते. आम्ही सई परांजपे यांचे नाव घेताच ते क्षणभर आमच्याकडे पाहत राहिले. हयात गेटावरच्या सभांत आणि कामगार आयुक्तांच्या कचेरीच्या बाकावर गेलेल्या माणसाला विनोदी मालिका लिहिणाऱ्या बाईंशी काय कर्तव्य, असा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर होता. तो रास्तच आहे. म्हणून प्रथम त्याचे उत्तर देतो आणि मग इतिहासाकडे वळतो.

तरुणपणी आम्ही हसण्याला कमी लेखीत होतो. ज्याचे पोट भरलेले आहे तो हसतो, उपाशी माणसाने संतापलेच पाहिजे, अशी आमची समजूत होती. पुढे एका सरकी काढण्याच्या कारखान्यात आम्ही बायकांची संघटना बांधू लागलो. दिवसभर कपाशीची टोपली उचलणाऱ्या, केसांत आणि पापण्यांत कापूस अडकलेल्या त्या बाया. आम्ही कायद्याची कलमे सांगत होतो, त्या माना खाली घालून ऐकत होत्या, आणि सही करायला एकही पुढे येत नव्हती. मग एक म्हातारी उठली. तिने पदर कमरेला खोचला आणि हजेरी घेणाऱ्या मुकादमाची हुबेहूब नक्कल केली. त्याचे खाकरणे, त्याचे चष्म्यावरून पाहणे, अर्ध्या दिवसाचा खाडा मांडताना बोटाला थुंकी लावणे, सारे तिने करून दाखवले. बाया पोट धरधरून हसल्या. हसू ओसरले तेव्हा भीतीही ओसरली होती, आणि त्या संध्याकाळी अंगठ्यांची रांग लागली. कलमांनी जे झाले नाही ते नकलेने झाले. त्या दिवसापासून विनोद ही काय चीज आहे, ती कोण घडवतो आणि घडवायला काय कष्ट पडतात, याचा आम्ही विचार करू लागलो. वाचनालयात 'सय' हे सईबाईंचे आत्मकथन हाती आले, त्याआधी त्यांचे चित्रपट पाहिले होतेच. आणि या बाईंच्या कामात आमच्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर आहे असे वाटू लागले. इतकाच या विषयाशी आमचा संबंध.

आता मूळ कथेकडे येऊ. सई परांजपे यांचा जन्म १९ मार्च १९३८ रोजी लखनौ येथे झाला. आजोबा रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे हे १८९९ साली केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत पहिले येणारे पहिले हिंदी गृहस्थ, पुढे फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य, आणि नातीच्या जन्माच्या सुमारास लखनौ विद्यापीठाचे कुलगुरू. आई शकुंतलाबाई. त्या केंब्रिजला शिकल्या, तिसाव्या दशकात जिनिव्हाला आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेच्या कचेरीत काम केले, १९३७ च्या 'कुंकू' चित्रपटात भूमिका केली, र. धों. कर्व्यांच्या संततिनियमनाच्या कार्यात उघडपणे उतरल्या आणि १९६४ ते १९७० या काळात राज्यसभेच्या नियुक्त सदस्य होत्या. वडील युरा स्लेप्टझॉफ हे रशियन चित्रकार. त्यांचे आणि शकुंतलाबाईंचे लग्न फार काळ टिकले नाही, आणि मुलगी आईच्या व आजोबांच्या छायेत वाढली.

असे घर लाभणे हे भाग्यच, हे नाकारण्यात अर्थ नाही. आमच्या जिनातल्या म्हातारीला कोणी रँग्लर आजोबा नव्हते. पण भाग्यवान घरांतूनही पुष्कळ माणसे निव्वळ आरामखुर्चीवरची निघतात. या घरात मुलीला जे मिळाले ते पैशापेक्षा वेगळे होते. लोक काय म्हणतील याची पर्वा न करता आपल्याला पटेल ते करावे आणि ते नीट करावे, हा धडा तिने आईकडे पाहून घेतला असला पाहिजे. आजोबा १९४४ ते १९४७ ऑस्ट्रेलियात हिंदुस्थानचे हायकमिशनर होते, त्यामुळे बालपणाची काही वर्षे कॅनबेराला गेली. पुण्यात फर्ग्युसनच्या टेकडीवर चित्रपट दिग्दर्शक अच्युत रानडे हे मामा राहत. ते या भाचीला गोष्टी सांगत त्या पटकथा वाचून दाखवावी तशा. वयाच्या आठव्या वर्षी तिचे 'मुलांचा मेवा' हे पुस्तक छापून निघाले. शब्दांशी गट्टी जमली ती तेव्हापासून.

धंद्याची उमेदवारी मात्र पुणे आकाशवाणीवर झाली. तेथे त्या निवेदिका होत्या आणि मुलांच्या कार्यक्रमांमुळे त्यांचे नाव झाले. नभोवाणीच्या उमेदवारीचे महत्त्व आपण विसरतो. नभोवाणीवर चेहरा नसतो, पोशाख नसतो; एक फसलेला शब्द झाकायला दुसरे काहीच नसते. त्यातही मुलांचा श्रोतृवर्ग सर्वांत कठोर. मोठी माणसे कंटाळली तरी भिडेखातर बसून राहतात, पोरे उठून जातात. सईबाईंच्या पुढच्या संवादांत जो हलकेपणा आहे, एकही वाक्य वजनाला जड होत नाही, त्याचे मूळ आम्हांला या उमेदवारीत दिसते. त्यानंतर त्या दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात गेल्या. तेथे इब्राहिम अल्काझी यांची शिस्त होती. १९६३ साली त्यांनी तेथील पदविका घेतली.

या सुमारास दिल्लीत एक नवे यंत्र हळूहळू बाळसे धरीत होते. १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत दूरचित्रवाणी सुरू झाली. आरंभी आठवड्यातून दोन दिवस, थोडा थोडा वेळ कार्यक्रम होत. संच घरोघरी नव्हते. वस्त्यांत टेलिक्लब काढून लोकांना एकत्र बसवीत. रोजचे प्रक्षेपण १९६५ साली सुरू झाले. २६ जानेवारी १९६७ पासून शेतकऱ्यांसाठी 'कृषिदर्शन' आले. स्वतंत्र खाते नव्हते. हे सारे आकाशवाणीच्याच छत्राखाली चाले, आणि 'दूरदर्शन' असा निराळा संसार थाटला गेला तो १ एप्रिल १९७६ रोजी. त्या छत्राखाली काम करणारे पुष्कळ कलावंत व लेखक 'स्टाफ आर्टिस्ट' या नावाने मुदतीच्या करारावर असत. काम कायमचे, माणूस मात्र कराराचा, ही पद्धत आमच्या ओळखीची आहे.

अशा ठिकाणी सईबाई निर्मात्या आणि दिग्दर्शिका म्हणून बरीच वर्षे राबल्या. राबल्या हाच शब्द योग्य. घरी बसून पाहणाऱ्याला पडद्यावर वीस मिनिटांची नाटिका दिसते. तिच्यामागे निर्मात्याने काय काय करावे लागते ते पाहा. संहिता मिळवायची किंवा स्वतः लिहायची, नट जमवायचे, तेही तुटपुंज्या मानधनात, तालमी घ्यायच्या, एका स्टुडिओत बैठकीची खोली, स्वयंपाकघर आणि रस्ता यांची सोय लावायची, कॅमेऱ्यांची हालचाल आधी कागदावर आखायची. पहिल्या काळात पुष्कळसे नाट्य थेट प्रक्षेपित होई. नट वाक्य विसरला तर ते साऱ्या शहराने विसरलेले पाहिले. आणि विनोदी नाटिकेत तर धोका दुप्पट. करुण प्रसंगात नट क्षणभर थांबला तर प्रेक्षकाला वाटते, गहिवरला असेल. विनोदात तो क्षणभर थांबला की विनोद मेला. नाटकगृहात प्रेक्षकाच्या हशाने नटाला अंदाज येतो. स्टुडिओत हसणारे कोणी नसते. तेथे हशा मनातल्या मनात ऐकून पुढचे वाक्य केव्हा टाकायचे हे ठरवावे लागते. हे ज्याला साधले तो कसलेला कारागीर.

वर्ष १९७२ हे या कारकिर्दीतले महत्त्वाचे. त्या वर्षी त्यांच्या 'द लिटल टी शॉप' या दूरचित्रवाणीपटाला तेहरान येथे आशियाई प्रक्षेपण संघाचे पारितोषिक मिळाले. विषय पाहा : चहाचे लहानसे दुकान. ताजमहाल नव्हे, राजवाडा नव्हे. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला मुंबईचे दूरचित्रवाणी केंद्र सुरू झाले, आणि त्याच्या उद्घाटनाच्या कार्यक्रमाची निर्मिती करण्यासाठी सईबाईंची निवड झाली. महाराष्ट्रात पडद्यावर पहिले चित्र उमटले त्यामागे एका मराठी बाईचा हात होता, ही गोष्ट आपल्या शाळेच्या पुस्तकांत यायला हरकत नव्हती.

येथे एक न्याय्य उल्लेख केला पाहिजे. या क्षेत्रात त्या एकट्याच नव्हत्या. मुंबई केंद्रावर चिं. वि. जोशी यांचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ दिलीप प्रभावळकर व बाळ कर्वे यांच्या रूपाने घरोघर आले, त्या मालिकेच्या निर्मात्या विजया जोगळेकर-धुमाळे होत्या. लोकांना चिमणराव आठवतो, गुंड्याभाऊ आठवतो. निर्मातीचे नाव विचारा, सभागृह गप्प होते. विनोदाच्या धंद्यात नटाला हशा मिळतो, लेखकाला थोडीशी दाद मिळते आणि निर्मात्याला पुढच्या आठवड्याची काळजी मिळते. तो निर्माता स्त्री असेल तर विस्मरण आणखी लवकर होते. शिवाय त्या काळच्या चित्रफिती महाग, त्या पुसून पुन्हा वापरीत, आणि थेट गेलेल्या कार्यक्रमांचा तर मागमूसच उरत नसे. गिरणीकामगाराने विणलेले कापड निदान फाटेपर्यंत अंगावर राही. या कारागिरांचे विणकाम त्याच रात्री हवेत विरले. म्हणून त्यांचा इतिहास नावे घेऊन सांगणे हे आम्ही कर्तव्य समजतो.

सईबाईंनी मुलांच्या चित्रपटांचेही मोठे काम केले. बालचित्र समितीच्या त्या दोनदा अध्यक्ष झाल्या; 'जादू का शंख' (१९७४) आणि 'सिकंदर' (१९७६) हे त्यांतले चित्रपट. हा भाग आम्ही येथे आटोपता घेतो, कारण आमचा रोख दुसरीकडे आहे. दूरचित्रवाणीवर जमवलेले भांडवल घेऊन त्या मोठ्या पडद्यावर गेल्या, तेव्हा काय झाले ते पाहू.

पहिला चित्रपट 'स्पर्श' १९८० साली लोकांपुढे आला. अंध मुलांच्या शाळेचा अंध मुख्याध्यापक आणि एक विधवा स्त्री यांची ही गोष्ट. तीत दयेची भीक नको म्हणणारा माणूस आहे. नसीरुद्दीन शाह यांना अभिनयाचे आणि सईबाईंना पटकथेचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले, आणि चित्रपट त्या वर्षीचा उत्कृष्ट हिंदी चित्रपट ठरला. पाठोपाठ १९८१ साली 'चष्मे बद्दूर'. त्याचे बीज दूरचित्रवाणीसाठी लिहिलेल्या 'धुआँ धुआँ' या छोट्या कथेत होते. दिल्लीच्या एका खोलीत राहणारे तीन तरुण, सिगारेटच्या धुरात दिवस काढणारे. कोपऱ्यावर लल्लन मियाँचे पानाचे दुकान आणि तेथे तुंबलेली उधारी. आणि कपडे धुण्याची पावडर दारोदार विकणारी एक मुलगी. येथे जरा थांबू. त्या काळच्या हिंदी चित्रपटांतली नायिका कशाने पोट भरते, हे बहुधा कोणी सांगतच नसे. ही नायिका सकाळी पिशवी घेऊन निघते, अनोळखी दारांवर थाप मारते आणि नकार पचवते. दारोदार माल खपवणाऱ्या मुलीचे काम आज आपल्या गावातही शेकडो बाया करतात. ते कथेच्या मध्यभागी आणून, तिची कीव न करता, तिच्यावर प्रेम करायला प्रेक्षकाला लावले. हे हसत हसत झाले म्हणून त्याची किंमत कमी होत नाही. २०१३ साली या चित्रपटाची नवी आवृत्ती दुसऱ्या दिग्दर्शकाने काढली, आणि त्याच दिवशी मूळ चित्रपटही साफसूफ करून पुन्हा लावण्यात आला. बत्तीस वर्षांनीही जुना माल बाजारात उभा राहू शकला.

१९८३ साली 'कथा'. 'ससा आणि कासव' या मराठी नाटकावरून घेतलेली ही गोष्ट मुंबईच्या चाळीत घडते. राजाराम हा पापभीरू कारकून, चाळीतल्या प्रत्येकाचे काम करून देणारा. आणि बाशू हा गोडबोल्या, थापा मारत वर चढणारा. ससा धावतो, सगळ्यांना भुरळ घालतो आणि गुपचूप निसटतो. मागे राहिलेले सावरायला कासव असतेच. आम्ही हा चित्रपट पुष्कळ वेळा पाहिला आणि दर वेळी बेचैन झालो. कारण या कथेत ससा हरतो असे म्हणायला जीभ रेटत नाही. तो निघून जातो, दुसऱ्या गावी दुसरी शर्यत लावायला. बाई आपल्याला हसवतात आणि जाता जाता विचारतात : बाबांनो, तुमच्या कचेरीत बढती कोणाला मिळते? या चित्रपटालाही उत्कृष्ट हिंदी चित्रपटाचा राष्ट्रीय मान मिळाला.

१९८४ साल उजाडले ते दूरदर्शनच्या नव्या युगाचे. रंग आले होते, जिल्ह्याजिल्ह्यांत छोटी प्रक्षेपण केंद्रे उभी राहत होती, आणि ७ जुलै १९८४ रोजी 'हम लोग' सुरू होऊन मालिकांचा प्रघात पडला. त्याच वर्षी सईबाईंची 'अडोस पडोस' आणि पुढच्या वर्षी 'छोटे बडे' या मालिका आल्या. ऐंशीच्या दशकाच्या मध्यास आमच्या आळीत संच एकच होता. घाटावरच्या वाऱ्याने गच्चीवरची अँटेना फिरली की एक पोरगा वर चढे, एक जिन्यात उभा राही आणि एक खोलीत, आणि 'दिसतं का?', 'आता दिसतं', 'गेलं, गेलं' अशी साखळी चाले. त्या खोलीत मालकीणबाई खाटेवर, आम्ही जमिनीवर, आणि ज्यांच्याकडे एरवी पाणीही मागायला संकोच वाटावा असे दोघे-तिघे दारात उभे. 'अडोस पडोस' म्हणजे शेजारपाजार. शेजाऱ्यांची मालिका शेजाऱ्याच्या घरी बसून पाहण्याचा योग पुन्हा कोणत्या पिढीला येणार नाही.

सईबाईंच्या साऱ्या कामावरून नजर फिरवली तर एक धागा हाती लागतो. 'अडोस पडोस', 'हम पंछी एक चाल के', 'कथे'तली चाळ, 'चष्मे बद्दूर'मधली एकत्र खोली, 'सख्खे शेजारी' हे नाटक. भिंतीला भिंत लागून राहणारी माणसे हा या लेखिकेचा कायमचा विषय आहे. त्यांचा विनोद खलनायकाच्या फजितीवर उभा नाही, कोणाच्या व्यंगावर तर नाहीच. एकमेकांचे नखरे सांभाळत एका जिन्याने जाण्यायेण्याची जी कसरत आहे, तिच्यातून तो निघतो. एकाची बादली दुसऱ्याच्या नळाखाली असते, एकाचे गुपित दुसऱ्याच्या कानात असते. आम्ही ज्याला संघटना म्हणतो तीही वेगळे काय आहे? न पटणाऱ्या माणसांनी एका ताटात जेवण्याचीच ती कसरत. ज्याला शेजाऱ्याचे हसून सहन करता येत नाही त्याने युनियन काढू नये, असे आम्ही नव्या पोरांना सांगतो.

या धाग्याचे दुसरे टोक सातासमुद्रापलीकडे आहे. अमेरिकेत गर्ट्रूड बर्ग या बाईंनी १९२९ साली नभोवाणीवर 'गोल्डबर्ग' कुटुंबाची विनोदी मालिका सुरू केली आणि १९४९ साली ती दूरचित्रवाणीवर नेली. लेखन त्यांचे, निर्मिती त्यांची आणि मॉली ही मुख्य भूमिकाही त्यांचीच. मॉली खिडकीतून डोके बाहेर काढून समोरच्या बिऱ्हाडातल्या शेजारणीला हाक मारी. पाहा, तेथेही शेजारच! खिडकीतल्या त्या बाईने अमेरिकेला आपलेसे केले. मॉलीच्या नवऱ्याचे काम करणारे फिलिप लोब हे नटांच्या संघटनेतले जुने कार्यकर्ते. १९५० साली कम्युनिस्टांचे हस्तक म्हणून कलावंतांची नावे छापणारी एक पुस्तिका निघाली, तीत लोब यांचे नाव होते. जाहिरातदारांनी त्यांना काढा म्हटले. बर्गबाईंनी नकार दिला. तेव्हा जाहिरातदारांनी हात काढून घेतले आणि १९५१ साली मालिका बंद पडली. १९५२ साली ती दुसऱ्या वाहिनीवर पुन्हा आली ती लोब यांच्यावाचून. १९५५ साली लोब यांनी आत्महत्या केली.

ही हकीगत आम्ही मुद्दाम सांगितली. विनोदी मालिका म्हणजे सुखवस्तूंचा खेळ, त्यात जीवनमरणाचे काही नसते, असे मानणाऱ्यांनी ती ध्यानात ठेवावी. विनोदाचे दुकान चालवणाऱ्या बाईलाही एक दिवस आपला सहकारी आणि आपली भाकरी यांतून निवड करावी लागली. ती काही काळ ठाम राहिली, मग हरली. पण तेवढे ठाम राहणेही त्या काळात थोड्यांना जमले. आपल्याकडे दूरचित्रवाणी आरंभी सरकारची होती, तेव्हा निर्मात्याच्या मानेवर फाइल होती. मालिका आल्या तसा पुरस्कर्ता आला. फाइल आणि जाहिरातदार या दोन दगडांच्या मधून ज्यांनी चांगला विनोद पार नेला त्यांची वाट सरळ नव्हती.

आता आमची तक्रारही मांडतो, नाहीतर हे स्तुतिस्तोत्र होईल. 'चष्मे बद्दूर' आणि 'कथा' यांच्या मधोमध, १८ जानेवारी १९८२ रोजी, मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यांतले बहुसंख्य पुन्हा आत गेलेच नाहीत. 'कथे'तली चाळ पाहताना आम्हांला त्या चाळी आठवत आणि वाटे, या हसऱ्या जिन्यावर संपाची सावली कशी पडत नाही? कारकुनाची चाळ दिसते, तिच्या शेजारची साच्यावाल्याची चाळ कोठे आहे? वर्षानुवर्षे हा राग आमच्या मनात होता.

तो राग उतरवला 'दिशा' या १९९० च्या चित्रपटाने. खेड्यात पाणी नाही, शेती पिकत नाही, म्हणून तरुण मुंबईच्या गिरणीत जातात. तेथे एकाच गाळ्यात गर्दीने राहायचे, पथारीपुरती जागा, आणि पाळीप्रमाणे झोप. इकडे गावात एक माणूस लोकांच्या चेष्टेला न जुमानता वर्षानुवर्षे विहीर खोदतो आहे. नाना पाटेकर, रघुवीर यादव, ओम पुरी, शबाना आझमी असे कसलेले नट. शेवटी विहिरीला पाणी लागते. आपल्या जिल्ह्यातून जी माणसे दर वर्षी पुण्या-मुंबईला आणि सुरतेला जातात, त्यांना हा चित्रपट समजावून सांगावा लागणार नाही. आम्हांला विशेष वाटले ते हे, की इतक्या जड विषयातही बाईंनी हसू टाकून दिले नाही. गाळ्यातली माणसे एकमेकांची थट्टा करतात, भांडतात, गातात. ज्यांनी अशा खोल्यांत रात्री काढल्या आहेत ते सांगतील की हेच खरे. दुःखी माणूस चोवीस तास दुःखी नसतो. असता तर केव्हाच मेला असता. आमची तक्रार अशी होती की बाईंना चाळीतले फक्त हसू दिसते. 'दिशा' पाहिल्यावर कळले की कष्ट त्यांना दिसत होते. हसू त्यांनी कष्टांना पर्याय म्हणून आणलेलेच नव्हते, सोबत म्हणून आणले होते. चूक आमच्या पाहण्यात होती, ती येथे कबूल करतो.

अर्थात या चित्रपटाला 'चष्मे बद्दूर'इतके प्रेक्षक लाभले नाहीत. त्याचा दोष आपल्यासारख्यांकडेही जातो. कामगारांचे चित्रपट निघत नाहीत म्हणून आपण ओरडतो, आणि निघाला तर त्या दिवशी आपली सभा असते!

पुढची कहाणी थोडक्यात. दारूबंदीसाठी उभ्या राहिलेल्या बायकांवरचा 'चूडियाँ' हा लघुपट, जंगलावरचा 'पपीहा', गायिका बहिणींची कथा सांगणारा 'साज', रंगभूमीवर 'जास्वंदी' आणि इतर नाटके, आणि वयाची ऐंशी उलटल्यावरही 'इवलेसे रोप' सारखे नाटक. २००६ साली पद्मभूषण मिळाले. आईला तोच मान १९९१ साली मिळाला होता. जानेवारी २०२५ मध्ये आपल्या शेजारीच, छत्रपती संभाजीनगर येथे, अजिंठा-वेरूळ चित्रपट महोत्सवात त्यांना पद्मपाणि जीवनगौरव पुरस्कार देण्यात आला.

या साऱ्याचा हिशोब काय मांडावा? हिंदी चित्रपटाची पहिली दिग्दर्शिका फातमा बेगम यांचा चित्रपट १९२६ साली आला; त्यानंतरच्या अर्धशतकात या देशात दिग्दर्शिकांची संख्या बोटांवर मोजण्याइतकीच राहिली. चित्रपटाच्या धंद्याचे दार बायकांना बंद होते. सईबाई आत आल्या त्या दूरचित्रवाणीच्या बाजूच्या दाराने. नवे यंत्र आले की जुन्या मक्तेदारांचे त्याच्याकडे काही दिवस लक्ष नसते. त्यात पैसा नाही, मान नाही, म्हणून ते दुर्लक्ष करतात. त्या उघड्या फटीतून नवे लोक आत शिरतात. पैसा दिसू लागला की दार पुन्हा लोटले जाते. तोवर जे आत येऊन काम शिकले त्यांना मग बाहेर काढणे अवघड. कारखान्यांचा इतिहासही आम्ही असाच पाहिला आहे. कारकीर्द समजून घ्यायची ती पारितोषिकांच्या यादीवरून नव्हे, त्या फटीतून शिरण्याच्या धाडसावरून आणि आत गेल्यावर केलेल्या कामाच्या सचोटीवरून.

आणखी एक गोष्ट. आज प्रत्येकाच्या खिशात पडदा आहे आणि प्रत्येक पडद्यावर विनोद आहे. त्यातला बराचसा कोणाच्या तरी जातीवर, बायकोवर, वऱ्हाडी बोलण्यावर किंवा अंगकाठीवर केलेला असतो. दुबळ्याला हसणे सोपे, त्याला तालीम लागत नाही. आमच्या जिनातल्या म्हातारीने मात्र शेजारच्या गड्यालू बाईची नक्कल केली नाही, मुकादमाची केली. तिने सईबाईंचे नाव ऐकलेही नसेल. तरी त्या दोघींना एक गोष्ट ठाऊक होती : माणसाला लहान करणारे हसू निराळे आणि माणसांना जवळ आणणारे हसू निराळे.

ती म्हातारी आता नाही. तो कारखानाही बंद पडला. परंतु त्या संध्याकाळचा अंगठ्यांचा कागद आम्ही जपून ठेवला आहे. सईबाईंच्या थेट गेलेल्या नाटिका मात्र कोणी जपल्या नाहीत. म्हणून या सभागृहातल्या वडीलधाऱ्यांना आमची विनंती आहे, की पहिल्या संचाभोवती बसून जे पाहिले, जे ऐकून हसलात, ते घरी जाऊन नातवंडांना सांगा, आणि ज्यांनी ते केले त्यांची नावेही सांगा. फीत पुसली गेली तरी तेवढी आठवण आपल्याला जपता येईल.